रत्नागिरीचं बंदर आणि शहर नीट कुठून दिसतं? पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी

सात वर्षांपूर्वी बदली होऊन मी रत्नागिरीत आले आणि पहिल्याच रविवारी रत्नदुर्गावर गेले. सगळे सांगतात तसं, सूर्यास्ताला. सूर्य पाण्यात गेला, लोक गाड्यांकडे निघाले, आणि मी मागे वळून खाली पाहिलं तर मिरकरवाडा बंदर अंधारात बुडालेलं. नौका नुसत्या काळ्या आकृत्या. जे बघायला आले होते त्याच्याकडेच मी तासभर पाठ करून उभी होते. दोन दिवसांनी सकाळी ऑफिसच्या आधी पुन्हा गेले, तर ऊन थेट डोळ्यांत आणि सगळं बंदर चकाकत्या पत्र्यासारखं. तिसऱ्या खेपेला दुपारी साडेचारला पोचले. ऊन माझ्या पाठीवर होतं. समोर खाली नौकांचे निळे, हिरवे, भगवे रंग, त्यामागे मांडवीची काळसर वाळू, भाट्याच्या सुरूच्या झाडांची रांग आणि वर सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, चढत गेलेलं शहर, सगळं एका नजरेत. त्या दिवशी मला रत्नागिरी पहिल्यांदा दिसली.

तेव्हापासून घरी पाहुणे आले की मीच त्यांना फिरवते. त्यातून जे कळलं ते क्रमाने लिहिते आहे, म्हणजे तुमच्या दोन फेऱ्या वाया जाणार नाहीत.

१. आधी नकाशा डोक्यात बसवा

रत्नागिरीत उंच इमारतींची रांग बघायला मिळणार नाही. इथे शहराची कड म्हणजे जांभ्याचा सपाट सडा, त्यावरून डोकावणारी घरं, उतारावरचे माड, मशिदींचे मिनार, पश्चिमेच्या टोकाला दीपगृह आणि उत्तरेला मिऱ्याचा डोंगर. हे सगळं कुठल्या बाजूने बघायचं ते ठरवायला चारच खुणा लक्षात ठेवा.

रत्नदुर्ग हा समुद्रात घुसलेला डोंगर. त्याच्या तिन्ही बाजूंना पाणी, आकार घोड्याच्या नालेसारखा. या डोंगराने शहराचा समुद्र दोन भागांत वाटला आहे. दक्षिणेला डोंगराच्या कुशीत मिरकरवाडा, पुढे मांडवी, मग राजीवाडा, आणि तिथे काजळी नदी समुद्राला मिळते ती भाट्याची खाडी. खाडीपलीकडे भाट्ये. डोंगराच्या उत्तरेला भगवती बंदर, पांढरा समुद्र आणि मिऱ्या. दक्षिणेकडची मांडवीची वाळू काळी, म्हणून जुने लोक तिला काळा समुद्र म्हणतात. रिक्षावाल्याला "पांढऱ्या समुद्राला चला" म्हणालात तर तो तुम्हाला मांडवीला नेणार नाही, बरोब्बर दुसऱ्या बाजूला नेईल. नावं नीट सांगा.

रेल्वेने येणार असाल तर स्टेशन शहरापासून सहा-सात किलोमीटर आत आहे. मुंबई-गोवा महामार्गाने आलात तर हातखंब्याला वळायचं. शहरातल्या बस रहाटाघर स्थानकातून सुटतात. दुचाकी मिळाली तर सर्वांत सोयीचं, कारण किल्ल्याचा आणि मिरकरवाड्याचा रस्ता अरुंद आहे.

२. सूर्य पाठीशी हवा, एवढा एकच नियम

शहराच्या पूर्वेला उंचावर थिबा पॉइंट आहे. तिथून तुम्ही पश्चिमेकडे आणि दक्षिणेकडे बघता, म्हणून तिथे सकाळी जा. रत्नदुर्ग पश्चिमेला आहे, तिथून बंदर आणि शहर पूर्वेला दिसतं, म्हणून तिथे दुपारनंतर जा. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात, कारण त्यांना सूर्यास्त बघायचा असतो. सूर्यास्तही बघा, पण बंदर त्याच्या आधी बघून घ्या. सूर्य मावळायच्या आधीचा दीड तास बंदराचा, शेवटची दहा मिनिटं सूर्याची.

रत्नागिरीत डिसेंबरात सूर्य सहा-सव्वासहाला मावळतो, मे अखेरीस सातनंतर. ही जवळजवळ तासाची तफावत पाहुण्यांच्या लक्षात येत नाही, आणि हिवाळ्यात साडेपाचला किल्ल्यावर पोचून ते हळहळतात. शिवाय मावळायची जागाही सरकते. डिसेंबरात सूर्य नैऋत्येकडे, उघड्या समुद्रात बुडतो. मे-जूनमध्ये तो उत्तरेकडे सरकून मांडवीवरून पाहिल्यास किल्ल्याच्या डोंगराजवळ येतो.

महिना कुठला निवडावा? मला विचाराल तर ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबर. पाऊस धुऊन गेलेला असतो, हवा स्वच्छ, सडे अजून पूर्ण पिवळे पडलेले नसतात आणि बंदरात पुरती जाग असते. जानेवारीत खाडीवर सकाळचं धुकं सुंदर दिसतं, पण लांबचं दिसायला नऊ वाजतात. एप्रिल-मेमध्ये क्षितिज धुरकट आणि सड्यावर ऊन असह्य.

एक गोष्ट तारीख ठरवण्याआधीच तपासा. पावसाळ्यात मासेमारी बंदी असते, १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची. त्या काळात नौका बंदरात शाकारून ठेवलेल्या असतात, त्यांच्यावर प्लास्टिक आणि झावळ्या. बघायला तेही वेगळंच दृश्य, पण येणं-जाणं, लिलाव, गडबड यांतलं काही नसतं.

३. भरती-ओहोटी तिथीवरून काढायला शिका

हे मला मिरकरवाड्यातल्या एका म्हाताऱ्या तांडेलांनी, म्हणजे नौकेच्या कप्तानांनी, शिकवलं. मी मोबाइलवर भरतीचा तक्ता शोधत होते. ते जाळं विणत बसले होते, एका पायाच्या अंगठ्यात जाळ्याचं टोक अडकवून, हातातली प्लास्टिकची सुई न बघता चालत होती. त्यांनी विचारलं, "ताई, आज तिथी कुठली?"

"चतुर्थी."

"चाराचे पाऊणपट किती? तीन. तीन वाजता भरती पुरी. झालं."

तिथीच्या आकड्याला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं. येतं ते पूर्ण भरतीचं साधारण घड्याळ. शुद्ध पक्ष असो वा वद्य, हिशेब तोच. पुढची भरती साडेबारा तासांच्या थोडी आत, आणि मधली ओहोटी सहा-सव्वासहा तासांनी. दहा-वीस मिनिटं इकडेतिकडे होतात, पण फिरण्यासाठी हा हिशेब पुरेसा आहे. पाण्यात उतरणार असाल किंवा होडीत बसणार असाल तर मात्र छापील तक्ताच बघा.

याचा उपयोग असा. दशमी-एकादशीला सकाळी साडेसात-आठच्या सुमारास खाडी काठोकाठ भरते, थिबा पॉइंटला त्या दिवशी जा. पौर्णिमा किंवा अमावास्येला भरती अकरा-साडेअकराच्या आसपास, म्हणजे ओहोटी संध्याकाळी साडेपाचच्या पुढेमागे. मांडवीची आणि भाट्याची ओली वाळू तेव्हा लांबवर उघडी पडते आणि त्यात आख्खं आभाळ उतरतं. सप्तमीला दुपारी पाचला मिरकरवाडा भरलेला असतो, किल्ल्यावरून बघायला उत्तम.

पौर्णिमा-अमावास्येच्या भरतीला इथे उधाण म्हणतात, अष्टमीच्या आसपासच्या मवाळ भरतीला भांग. उधाणाच्या दिवशी बंधाऱ्यांवर आणि खडकांवर जाताना दुप्पट सावध राहायचं.

४. सोबत काय घ्यायचं

ओळखपत्र प्रत्येकाचं. हे किनाऱ्याचं शहर आहे, तटरक्षक दलाचा तळ इथे आहे, पोलीस कधीही विचारू शकतात. गाडीची कागदपत्रं आणि वाहन परवाना. लहानशी दुर्बीण असेल तर नक्की, किल्ल्यावरून नौकांवरची माणसं काय करत आहेत हे दिसायला लागलं की पोरं जागची हलत नाहीत. टोपी, प्रत्येकी किमान लिटरभर पाणी, विजेरी (किल्ल्यावरून उतरताना लागते), पकड असलेल्या तळव्यांच्या चपला किंवा बूट. बंदरात जायचं असेल तर भिजले तरी चालतील असेच. दिनदर्शिका किंवा पंचांग मोबाइलवर असतंच. मासळी घ्यायचा विचार असेल तर झाकणाचा डबा आणि रोख पैसे.

ड्रोन आणणार असाल तर घरून निघण्याआधीच डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा बघा. रत्नागिरीत विमानतळ आहे आणि तटरक्षक दलही आहे. नकाशात लाल दाखवलेल्या भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. "सगळे उडवतात" हे ऐकून उडवू नका.

५. सकाळ: थिबा पॉइंट

ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केलं आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा १९१० च्या सुमाराचा. त्यात तो पाच-सहा वर्षंच राहिला आणि १९१६ मध्ये इथेच वारला. राजवाडा आता पुरातत्त्व खात्याकडे आहे, आत संग्रहालय आहे, सोमवारी बंद असतं. राजवाड्यापासून जवळच सड्याच्या कडेला थिबा पॉइंट आहे.

इथे सकाळी साडेसात ते नऊ या वेळेत या. समोर खाली काजळी नदी वळण घेऊन येते, खारफुटीच्या हिरव्या पट्ट्यातून जाते, भाट्याच्या पुलाखालून सरकते आणि समुद्रात शिरते. पुलाच्या अलीकडे राजीवाड्याच्या होड्या. पलीकडे भाट्याचे सुरू. ऊन मागून येत असल्यामुळे पाण्याचे दोन रंग वेगळे दिसतात, खाडीचा मातकट आणि समुद्राचा निळा, आणि भरती चालू असेल तर त्यांच्यामधली रेघ पुलाकडे सरकताना डोळ्यांनी कळते. माझी आई इथे आली होती तेव्हा तिने त्या रेघेकडे बघत अर्धा तास काढला आणि मग एकच वाक्य बोलली, "अगं, नदी मागे चाललीय." घाटावरच्या माणसाला हे नवीन असतं.

कठड्याबाहेर जाऊ नका. जांभा कडेला पोखरलेला असतो, वरून भक्कम दिसतो आणि पावसाळ्यानंतर शेवाळ वाळून निसरडा झालेला असतो. संध्याकाळी इथे गर्दी होते, भेळ-कणसांच्या गाड्या लागतात. सूर्यास्त छान दिसतो, पण खाडी अंधारात जाते.

६. भाट्ये: समोरून दिसणारं शहर

थिबा पॉइंटवरून उतरून पूल ओलांडला की भाट्ये. पुलावर गाडी उभी करू नका, कितीही मोह झाला तरी. रस्ता पावस गावाकडे जाणारा आहे, रहदारी सततची. गाडी पलीकडे लावून चालत या.

भाट्याचा किनारा सरळ, दीड किलोमीटरच्या आसपास, मागे सुरूचं बन, दक्षिणेच्या टोकाला झरी विनायकाचं देऊळ. शहराचं आडवं चित्र सर्वांत पूर्ण दिसतं ते या दक्षिणेच्या टोकावरून. डावीकडून सुरुवात करा: दीपगृह, किल्ल्याचा डोंगर, त्याच्या पायथ्याशी मिरकरवाड्याची दाटी, मांडवीची जेट्टी, राजीवाडा, खाडीचं मुख, आणि उजवीकडे वर सडा. सकाळी नऊपर्यंत ऊन उजव्या हाताला मागून असतं, तोवर या.

आता इशारा, आणि तो मी कळकळीने देते. खाडीच्या मुखाजवळ पाण्यात उतरू नका. ओहोटीला आख्ख्या खाडीचं पाणी त्या तोंडातून बाहेर ओढलं जातं. वर लाट दिसत नाही म्हणून माणूस फसतो. मुखाशी वाळूचे दांडे तयार होतात, ओहोटीला ते उघडे पडतात, मुलं चालत तिथपर्यंत जातात आणि भरती फिरली की मधला भाग आधी भरतो. मी एकदा एका कुटुंबाला कमरेएवढ्या पाण्यातून परत येताना पाहिलं आहे. दोन स्थानिक पोरांनी हात धरून आणलं म्हणून आले. गाडीही वाळूवर घालू नका.

७. मिरकरवाडा: बंदराच्या आत

लांबून बघण्याआधी किंवा नंतर, एकदा तरी आत जायला हवं. राज्यातल्या मोठ्या मासेमारी बंदरांपैकी हे एक. इथे गेलात की किल्ल्यावरून दिसलेले रंगीत ठिपके म्हणजे काय ते कळतं.

सकाळी मासळी उतरते तेव्हा जा. ऑगस्टपासून हंगाम सुरू होतो. पर्ससीनच्या, म्हणजे मोठ्या जाळ्याने माशांचा थवा घेरणाऱ्या, नौका सप्टेंबर ते डिसेंबर एवढ्याच असतात, म्हणून त्या चार महिन्यांत बांगडा-तारलीचे ढीग दिसतात. बर्फाचा चुरा नळकांड्यातून घसरत नौकेच्या पोटात पडतो त्याचा आवाज, खलाशांची हाकाटी, कोळंबी निवडणाऱ्या बायकांचे भराभर चालणारे हात, लिलावाच्या बोली. बोली एवढ्या झटपट होतात की पहिल्या दिवशी कुणी कधी घेतलं हेच कळत नाही. वर घारी आणि बगळे.

इथे कसं वागायचं हे कुणी सांगत नाही, म्हणून सांगते. ही लोकांची कामाची जागा आहे. टोपल्या आणि क्रेट घेऊन माणसं पळत असतात, त्यांच्या डोक्यावर ओझं असतं आणि पायाखाली ओलं. वाटेत उभं राहू नका. पहिल्यांदा मी धक्क्याच्या कडेला फोटो काढत उभी होते तेव्हा एका खलाशाने सौम्यपणे सांगितलं, "ताई, दोराच्या आत उभ्या राहू नका, ताण बसला की पाय जाईल." खाली पाहिलं तर नौकेचा दोर माझ्या दोन्ही पायांच्या मधून गेला होता. नौका लाटेवर हलली की तो दोर एका क्षणात ताठ होतो. धक्क्यावर सर्वांत आधी दोर कुठे आहेत ते बघा, मग बंदर बघा.

माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका, विशेषतः बायकांचे. विचारलंत तर बहुतेक जण हो म्हणतात आणि चहाही पाजतात. तटरक्षक दलाची जहाजं, जेट्टी, कुंपण यांचे फोटो अजिबात काढू नका. लहान मुलांना हाताला धरूनच न्या. मासळी घ्यायची असेल तर धक्क्यावरचा लिलाव घाऊक असतो. दोन सुरमई हव्या असतील तर बाहेर बसणाऱ्या मावशींकडे जा आणि कापूनही तिथेच घ्या.

"समुद्रात फिरवून आणतो" असं कुणी म्हणालं आणि नौकेवर जीवरक्षक जॅकेट दिसली नाहीत, तर नम्रपणे नाही म्हणा. मासेमारीची नौका प्रवासी न्यायला नसते.

८. दुपार: रत्नदुर्ग

आता मुख्य जागा. किल्ला बहमनी काळातला मानतात, शिवाजी महाराजांनी तो १६७० मध्ये घेतला. वरपर्यंत गाडी जाते. बालेकिल्ल्यात भगवती देवीचं देऊळ आहे, त्यामुळे लोक याला भगवती किल्लाच म्हणतात. पायऱ्या फार नाहीत, आजी-आजोबांनाही जमतं.

मोठी चूक म्हणजे बालेकिल्ला बघून परत फिरणं. किल्ल्याचे दोन डोंगर आहेत. एकावर बालेकिल्ला, दुसऱ्या, दक्षिणेच्या टोकावर दीपगृह. मिरकरवाडा नीट दिसतो तो दीपगृहाच्या बाजूने. म्हणून क्रम असा ठेवा.

साडेतीन-चारला पोचा. आधी बालेकिल्ला. देवीचं दर्शन घ्या, तटावरून फेरी मारा. इथून उत्तरेची बाजू बघायची: खाली भगवती बंदर, पांढऱ्या समुद्राची कमान, त्यापलीकडे मिऱ्याचा डोंगर. पश्चिमेला नुसता समुद्र. तटाला काही ठिकाणी कठडा नाही, वारा जोरदार असतो. सेल्फीसाठी तटावर चढणाऱ्यांना तुम्ही अडवा, कुणीतरी अडवायला हवं.

मग दीपगृहाकडे. दीपगृहाच्या आत वर जायची वेळ ठरलेली असते, तिकीट असतं. आदल्या दिवशी चौकशी करून ठेवा. वर जाता आलं नाही तरी वाईट वाटून घेऊ नका, जवळच्या कड्यावरूनही बंदर तितकंच दिसतं.

इथे पोचलात की समुद्राकडे पाठ करा आणि बसा. घाई करू नका. आधी दिसतो तो नुसता नौकांचा गुंता. मग हळूहळू उकल होते. जवळच्या रांगेत मोठ्या नौका एकमेकींना बांधून ठेवलेल्या, खलाशी एका डेकवरून दुसऱ्यावर उड्या मारत किनाऱ्यापर्यंत येतात. मधल्या चिंचोळ्या पाण्यातून लहान होडी माणसं पोचवते. एखादी नौका बाहेर निघते, तिच्यामागे पाण्यावर रेघ उमटते, आणि ती रेघ किनाऱ्याला लागेपर्यंत नौका लाटारोधक बांधाबाहेर गेलेली असते. पुढे मांडवी, मग खाडीचं मुख, भाट्ये, आणि सकाळी तुम्ही जिथे उभे होतात तो थिबा पॉइंट. तो बोटाने दाखवता आला की समजा, शहर तुम्हाला कळलं.

पाचनंतर ऊन तांबूस होतं. नौकांवरचे झेंडे आणि घरांची कौलं पेटल्यासारखी दिसतात.

ज्यांना एकच दिवस निवडायचा आहे त्यांनी शुद्ध चतुर्दशी निवडावी. चतुर्दशीला चंद्र सूर्यास्ताच्या थोडा आधीच उगवतो. तुमच्या मागे सूर्य असतो, समोर शहराच्या वर चंद्र, आणि खाली बंदर अजून उजेडात. पौर्णिमेला दोघांची वेळ जवळजवळ एकच असते, पण तोवर बंदर अंधारायला लागलेलं असतं. मी चतुर्दशीला चार वेळा गेले आहे, दोनदा ढग होते. तरीही पुन्हा जाईन.

अंधार पडायच्या आत खाली या. गाडी लावायची जागा कमी आहे, रविवारी सूर्यास्तानंतर सगळे एकदम निघतात आणि अरुंद उतारावर गाड्या अडकतात. दहा मिनिटं आधी निघालात तर पुढचा मुक्काम साधतो.

९. तिन्हीसांज: मांडवी

किल्ल्यावरून उतरून मांडवीच्या जेट्टीवर या. इथले लोक तिला अभिमानाने गेटवे ऑफ रत्नागिरी म्हणतात. इथून किल्ल्याचा डोंगर पश्चिमेला काळा होत जातो, मिरकरवाड्याचे दिवे एकेक लागतात, आणि मग दीपगृहाचा झोत फिरायला लागतो. पोरांना झोत मोजायला लावा, दोन झोतांमध्ये किती सेकंद जातात ते. प्रत्येक दीपगृहाची लय वेगळी असते, तांडेल रात्री त्यावरूनच आपण कुठे आहोत ते ओळखतात. हंगामात क्षितिजावर नौकांच्या दिव्यांची रांग दिसते.

जेट्टीच्या पाण्यालगतच्या पायऱ्यांवर हिरवं शेवाळ असतं. माझ्या सासूबाई तिथे घसरल्या, मनगट मोडलं, सहा आठवडे प्लॅस्टर. ओल्या पायरीवर पाय ठेवू नका. नारळी पौर्णिमेला इथे तुडुंब गर्दी असते, गाडी लांब लावून चालत यावं लागतं, पण जमलं तर तो दिवस चुकवू नका.

१०. वेळ उरला तर: पांढरा समुद्र आणि मिऱ्या

किल्ल्याची उत्तरेची, फारशी न बघितली जाणारी बाजू इथून दिसते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात बसरा स्टार नावाचं जहाज याच मिऱ्याच्या किनाऱ्यावर येऊन रुतलं होतं. समुद्र इथे दरवर्षी जमीन खातो, म्हणून दगडी बंधारा आहे. पंधरामाडच्या बाजूला पावसाळ्यात लाटा बंधाऱ्यावरून रस्त्यावर येतात. उधाणाच्या दिवशी तिथे लांब उभं राहूनच बघा, आणि बंधाऱ्यामागे घरं असणाऱ्यांना ते दृश्य बघायची हौस नसते, हे ध्यानात ठेवून बोला.

११. एकाच दिवसात बसवायचं असेल तर

सकाळी सहाला मिरकरवाडा, साडेसातला नाश्ता, आठच्या आत थिबा पॉइंट, नऊच्या सुमारास भाट्ये. अकरा ते तीन ऊन टाळा. या वेळेत राजवाड्याचं संग्रहालय, टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मस्थान, पतितपावन मंदिर, आणि पोटभर जेवण. साडेतीन-चारला रत्नदुर्ग, दिवेलागणीला मांडवी. सगळं मिळून गाडीचा प्रवास फार होत नाही, थकवा येतो तो उन्हाचा.

दोन दिवस असतील तर मिरकरवाडा दुसऱ्या सकाळी ठेवा. किल्ल्यावरून आदल्या दिवशी पाहिलेली एखादी नौका रंगावरून लक्षात ठेवा आणि सकाळी धक्क्यावर तिला शोधा. माझ्या भाचीने अशीच एक पिवळ्या पट्ट्याची नौका शोधून काढली होती. खलाशी रात्रीची मासळी उतरवत होते. तिने वर बोट दाखवून सांगितलं, "काका, काल मी तुम्हाला तिथून पाहिलं." त्यांनी मान वर करून किल्ल्याकडे पाहिलं, हसले, आणि तिच्या हातावर एक मोठा शंख ठेवला.